बिनसुरकुतीची चादर

माझ्या भावोजींना वसतिगृहातली मुलं 'फूटपट्टी' म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, हे आधीच सांगते, कारण ताईला अजून तसा संशय आहे. मी ठेवलं असतं तर याहून वाईट ठेवलं असतं.

भावोजी मुलांच्या वसतिगृहाचे रेक्टर. वसतिगृहाला लागूनच शाळा आहे आणि त्या शाळेत मी चित्रकला शिकवते. म्हणजे हा माणूस मला घरी चुकत नाही आणि कामावरही चुकत नाही. उंच, वाळका, मानेपासून टाचेपर्यंत एका रेषेत. टेबलावरचं पेन, चष्म्याचं घर, पाण्याचा पेला, सगळं टेबलाच्या कडेला समांतर. पेला कोणी उचलून परत ठेवला की दोन बोटांनी तो पुन्हा जागेवर सरकवणार. गोल पेला समांतर कसा ठेवतात हे मला चित्रकलेची पदवी घेऊनही कळलेलं नाही.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. नीटनेटकी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण भावोजींचा खरा तोरा होता तो झोपेचा. ते पाठीवर झोपतात. पाय जुळवलेले, हात अंगाला लागून, नाक छताकडे. झोपताना जसे, उठताना तसे. अंथरुणावरून उतरले की चादरीकडे बोट दाखवून ताईला म्हणतात, "बघ. कोणी झोपलं होतं असं वाटतं?" लग्न झाल्यापासून ताई रोज सकाळी ती चादर बघते आणि "नाही" म्हणते. यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे? रात्रभर जिवंत असल्याचा पुरावा मागे ठेवला नाही, यात कसली आली मर्दुमकी?

याचं मूळ त्यांच्या लहानपणात आहे. हे ते स्वतःच सांगतात आणि न विचारता सांगतात. घर एका खोलीचं, भावंडं ढीगभर, अंथरूण एक. हात पसरला की शेजारच्याच्या नाकाला लागायचा, कूस बदलली की कडेचा जमिनीवर जायचा. म्हणून त्यांच्या वडिलांनी सगळ्यांना सरळ झोपायला लावलं. कोणी हलला की छडी. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत इथे पाणी यावं अशी त्यांची अपेक्षा असते. मला ती गोष्ट इतक्यांदा ऐकून दया यायची बंद झाली. अडचणीत शिकलेली गोष्ट अडचण सरल्यावर सोडून द्यावी एवढी अक्कल बाकीच्या भावंडांना आली. ती सगळी आता मोठमोठ्या पलंगांवर हवी तशी लोळतात. हे एकटेच त्या अरुंद अंथरुणात राहिले आणि दुसऱ्यांनाही आत ओढायला लागले.

रेक्टर झाल्यावर त्यांच्या हातात एकदम हॉलभर पोरं आली. तेरा ते सोळा वयाची. आता या वयाची मुलं कशी झोपतात हे ज्याने पाहिलं नसेल त्याने एकदा पाहावं. हात एका दिशेला, पाय दुसऱ्या. एक उशी पायाखाली घेऊन डोकं गादीवर टेकणारा. एक गुडघे पोटाशी घेऊन, कपाळ गादीला आणि बूड वर करून झोपणारा, हा तर शाळेचा पहिला नंबर. एक भिंतीला टेकून बसल्या बसल्या. त्यांची हाडं दर महिन्याला लांब होत असतात, त्यांनाच कळत नाही आपला पाय कुठे संपतो. ती कॉटवर मावत नाहीत आणि कातडीतही मावत नाहीत. दिवसभर त्यांना 'नीट बस', 'नीट चाल', 'नीट बोल' ऐकावं लागतं. तेवढी झोपच काय ती त्यांची स्वतःची.

भावोजींनी तीही घेतली. 'चादर पाहणी' नावाचा प्रकार सुरू केला. सकाळी शिट्टी वाजली की मुलांनी उठायचं, अंथरुणाला हात न लावता कॉटच्या पायथ्याशी उभं राहायचं. मग भावोजी हात मागे बांधून एकेका कॉटवर वाकणार आणि सुरकुत्या वाचणार, एखादा ज्योतिषी तळहात वाचतो तसं.

"काल डाव्या कुशीवर वळलास."

"नाही सर."

"माणूस खोटं बोलतो, चादर बोलत नाही. आणि हे इथे काय? गुडघा?"

ज्याची चादर चुरगळली त्याने ती धुवायची, वाळवायची, इस्त्री करून पुन्हा अंथरायची, आणि तोवर मैदानात पाऊल टाकायचं नाही. वाकडा झोपणारा मुलगा पुढे वाकडाच निघतो, असं त्यांनी पालकांच्या सभेत ठणकावून सांगितलं. पालकांनी माना डोलावल्या. आपलं पोर वाकडं निघणार याची धास्ती प्रत्येकाला असतेच, आणि उपाय म्हणून चादर तशी स्वस्तच.

रात्री हॉलमध्ये फेरी मारावी, पोरं खरंच कशी झोपतात ते बघावं, असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही. रात्री ते स्वतः झोपलेले असतात. सरळ. मी एकदा म्हटलं, "भावोजी, चादर बघण्यापेक्षा पोरगाच बघा की." त्यावर ते माझ्याकडे बघून हसले. उंटावरचे शहाणे खालच्यांकडे बघून हसतात तसे.

आता ताईचं सांगते. ताई माझ्याहून मोठी. लहानपणी आम्ही दोघी एका पलंगावर झोपायचो आणि तिने मला सुखाने झोपू दिलं असेल असा दिवस आठवत नाही. झोपताना माझ्या शेजारी असायची, सकाळी तिचं डोकं पायथ्याला आणि टाच माझ्या बरगडीत. एक पाय कायम भिंतीवर. आई म्हणायची, हिला नवऱ्याच्या घरी पलंग नको, पटांगण द्या. मग तिचं लग्न झालं. पहिल्यांदा माहेरी राहायला आली तेव्हा माझ्याशेजारीच झोपली. सकाळी बघते तर पाठीवर, पाय जुळवलेले, हात अंगाला लागून. मी तिला हलवून उठवलं. मला वाटलं आजारी पडली. ती म्हणाली, "सवय झाली गं." त्या दिवशी मला भावोजींचा जो राग आला तो अजून जसाच्या तसा आहे. मी त्याला चांगला जपला आहे.

त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, पोरं 'वटवाघूळ' म्हणतात. कारण उघड आहे. तो झोपला की डोकं हळूहळू कॉटच्या कडेवरून खाली लोंबतं आणि एक पाय भिंतीवर चढतो. लहान होता तोवर रेक्टरच्या क्वार्टरमध्ये आईबापांजवळ राहायचा आणि ताई पहाटे उठून त्याला गुपचूप सरळ करायची, भावोजी उठण्याआधी. चौदावं लागलं आणि पोरगा एका उन्हाळ्यात असा वाढला की ताईला तो हलेना. एका सकाळी भावोजींनी त्याला तसा पाहिला. रेक्टरचा मुलगा, डोकं जमिनीकडे, तोंड उघडं, पाय भिंतीवर.

त्याच दिवशी त्याची ट्रंक हॉलमध्ये गेली. "नियम सगळ्यांना सारखे," भावोजी म्हणाले. "महिनाभर सलग चादरीवर सुरकुती दिसली नाही की घरी परत. एक दिवस चुकला की महिना पुन्हा पहिल्यापासून."

पोराला घरी यायचं होतं. हॉल क्वार्टरच्या खिडकीतून दिसतो, पण चौदा वर्षांच्या मुलाने रोज आईच्या खिडकीतला दिवा बघत झोपावं यात काय शिस्त आहे ते मला कोणी समजावून द्यावं. ताईचा जीव तर पार टांगणीला लागला. तिने त्याची घरची कॉट आवरली नाही. वर नवी फुलाफुलांची चादर घातली आणि रोज तिच्यावरची धूळ झटकत राहिली. तोंडाने मात्र एक अक्षर नाही. त्या घरात मूग गिळायची सवय तिला झोपेआधीच लागली होती.

पहिले काही आठवडे पोरगा रोज नापास. कधी गुडघा, कधी कोपर, कधी उशीच जमिनीवर. मग एकाएकी त्याची चादर सुधारली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. एक सुरकुती नाही. उशीवर डोक्याचा खळगा बरोबर मध्यभागी. भावोजी त्या कॉटपाशी थांबून इतर पोरांना हाका मारायला लागले. "इकडे या. ही चादर बघा. बघून शिका." पोरं यायची, बघायची आणि खालचे ओठ दातांत धरून परत जायची. भावोजींना वाटायचं, प्रभाव पडतोय.

रविवारी पोरगा माझ्याकडे येतो. आला की माझ्या कोचावर पडतो. पाय कोचाच्या पाठीवर, डोकं खाली, केस जमिनीला. अशा अवस्थेतच त्याने मला सांगितलं.

"मावशी, मी कॉटखाली झोपतो."

"म्हणजे?"

"चादर घालतो, चारी बाजूंनी खोचतो आणि खाली जातो. बॅग डोक्याखाली घेतो. पाय वर कॉटच्या पट्ट्यांना लावता येतात. मस्त झोप लागते. शिट्टीच्या आधी शेजारच्या कॉटवरचा मला उठवतो."

"आणि उशीवरचा खळगा?"

"फुटबॉलने."

मी हसले, इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. चादर खोटं बोलत नाही म्हणे. नाहीच बोलली. कोणी झोपलं नव्हतं, तेच ती रोज सकाळी सांगत होती. ऐकणाऱ्याच्या डोक्यात दगड भरलेले, त्याला ती काय करणार?

ताईला मी हे कळू दिलं नाही. तिला खोटं बोलता येत नाही, मला येतं. "सुधारला ना गं तो?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, "इतका सुधारला की ओळखू येत नाही."

महिना भरत आला आणि भावोजींच्या अंगात आलं. नुसतं 'ये घरी' म्हणून पोराला आणलं असतं तर सगळं गोडीत मिटलं असतं. पण आपल्या पद्धतीची टिमकी वाजवायची इतकी चांगली संधी ते सोडतात होय? त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांनाच बोलावलं. रविवारी सकाळी हॉलमध्ये छोटा समारंभ, शिक्षकांनी हजर राहावं, मुलांनी कॉटपाशी उभं राहावं. आदर्श झोपेचं म्हणून एक प्रशस्तिपत्रकही छापून आणलं होतं. त्यावरची अक्षरं मीच काढावीत असा आग्रह होता. मी काढली, जरा तिरपी.

अध्यक्ष म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. अंगाने भरदार, स्वभावाने गरीब, आणि स्वतः कुठेही झोपू शकणारे. संस्थेच्या बैठकीत हनुवटी छातीला टेकवून ते फार सुरेख झोपतात. त्यांना पहिल्या खुर्चीत बसवलं. ताई मागच्या रांगेत बसली, इस्त्रीची साडी नेसून. आज पोरगा घरी येणार म्हणून तिचं तोंड फुललं होतं.

भावोजींनी चादर दाखवली. अध्यक्ष म्हणाले, "वा." मग काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून म्हणाले, "बाळ, झोपून दाखव पाहू."

पोराने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बूट काढून कॉटवर आडवा झाला. पाठीवर, पाय जुळवून, हात अंगाला लागून. अगदी बापासारखा.

"बघा," भावोजी म्हणाले आणि भाषण सुरू केलं.

भावोजींचं भाषण म्हणजे त्यांच्या झोपेसारखं, एका रेषेत आणि न हलता. एका खोलीचं घर आलं, अंथरूण आलं, छडी आली. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा फिरत होता, आणि चौदा वर्षांचा एक मुलगा बऱ्याच दिवसांनी मऊ गादीवर पडला होता. त्याला झोप लागली. दुसरं काय होणार? अध्यक्षांनाही लागायला आली होती.

आधी त्याचं तोंड उघडलं. मग एक हात कॉटबाहेर पडला. भावोजींची कॉटकडे पाठ, ते शिस्तीवर बोलत होते. उजवा पाय चादरीला बरोबर घेऊन हळूहळू भिंतीवर चढला आणि तिथे थांबला. पोरं श्वास रोखून बघत होती. "मनुष्याचं शरीर हे मनाचं प्रतिबिंब आहे," भावोजी म्हणाले, आणि मागे त्यांच्या मुलाचं डोकं कडेवरून खाली लोंबायला लागलं. मग खांदे आले. मग सबंध पोरगा, अजिबात घाई न करता, डोक्याकडून जमिनीवर उतरला. जागा झाला नाही. डोळे मिटलेलेच, कोपरांवर सरपटत तो कॉटखाली गेला, चाचपडून बॅग ओढली, डोक्याखाली घेतली आणि दोन्ही पाय वरच्या पट्ट्यांना लावले.

हॉलमध्ये असा हशा उसळला की अध्यक्ष खडबडून जागे झाले. ते उठले, कष्टाने गुडघ्यांवर बसले आणि कॉटखाली वाकून पाहिलं.

"अरे," ते म्हणाले, "इथे तर सगळी सोय आहे."

बॅग होती, टॉवेल होता, पाण्याची बाटली होती. कोपऱ्यात फुटबॉल होता.

भावोजींच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं? मी मुद्दाम बघून ठेवलं. लाज नव्हती. पोराला महिनाभर थंड फरशीवर झोपावं लागलं याचं वाईट वाटणंही नव्हतं. ते कॉटपाशी गेले आणि त्यांनी चुरगळलेल्या चादरीचं एक टोक ओढून सरळ केलं. मग दुसरं टोक. भर सभेत, मुलगा खाली झोपलेला असताना.

"अहो, झोपू द्या पोराला," अध्यक्ष म्हणाले. "या वयात अशीच झोपतात. आमचा तर जिन्यात झोपायचा."

"अट मोडली," भावोजी म्हणाले. "महिना पहिल्यापासून. आणि उद्याच सुतार बोलावून सगळ्या कॉटखालची जागा फळ्या ठोकून बंद करून घेतो. लाकूड तुमच्या वखारीतूनच मागवीन, साहेब."

पोरांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. अध्यक्षांना गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंद करावा की काय करावा ते कळेना. मी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मागच्या रांगेतली खुर्ची सरकली.

ताई उठली होती. ती सरळ पुढे आली, साडीचा पदर कमरेला खोचला, वाकून पोराचा पाय धरला आणि त्याला ओढून बाहेर काढलं. तो डोळे चोळत बसला.

"चल घरी," ती म्हणाली.

"अट ठरली होती," भावोजी म्हणाले.

"तुमची ठरली होती. मला कोणी विचारलं नव्हतं." आवाज चढलेला नव्हता. भाजी कोणती करू विचारावं तसं ती म्हणाली. "बूट घाल रे. ट्रंक मावशी आणेल."

दोघं माझ्यासमोरून गेली. भावोजी चादरीचं टोक हातात धरून उभे होते. मग त्यांनी प्रशस्तिपत्रक उचललं आणि टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं.

दुपारी मी ट्रंक घेऊन क्वार्टरवर गेले. दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात कोणी नाही, बाहेरच्या खोलीत कोणी नाही. मी आतल्या खोलीत डोकावले.

पोरगा जमिनीवर झोपला होता, सवयीने. डोकं कॉटखाली, पाय बाहेर. आणि कॉटवर, त्या फुलाफुलांच्या चादरीवर, ताई झोपली होती. आडवी. डोकं पायथ्याच्या कोपऱ्यात, एक हात खाली पोराच्या पोटावर पडलेला, साडीचा पार बोळा झालेला. आणि उजवा पाय भिंतीवर. टाच भिंतीला घट्ट टेकवून, लहानपणी टेकवायची तसाच. ती घोरत होती. चादरीची जी दशा झाली होती ती बघून माझ्या बरगडीत गोड कळ आली.

मी तिथेच दाराशी बसून राहिले. मला हलवेना.

थोड्या वेळाने भावोजी आले. बूट वाजू न देता आले, बहुधा भांडणाची तयारी करूनच. दारात माझ्याशेजारी उभे राहिले आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वाकले आणि अगदी हळू आवाजात, खरोखर घाबरून विचारलं, "हिला काय झालं? चक्कर आली का? डॉक्टरांना बोलावू?"

या माणसाबद्दल मला वाटायचं की याने माझ्या बहिणीची झोप हिरावून घेतली आहे, आणि हे त्याला माहीत आहे. त्याला माहीतही नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्या शेजारी झोपून, रोज सकाळी स्वतःची चादर तिला दाखवून, त्याने बायकोला कधी झोपलेलं पाहिलंच नव्हतं.

"काही झालेलं नाही," मी म्हटलं. "ताई झोपली आहे."

"अशी?"

"अशीच झोपते ती."

ताईचा पाय भिंतीवर होता तिकडे त्यांचा हात जरासा पुढे गेला, सरळ करायला. मी त्यांच्याकडे बघत होते. हात मागे आला. मग दाराशी ताईच्या चपला आणि पोराचे बूट कसेही पडले होते, ते त्यांनी वाकून जोडीने लावले आणि हॉलकडे निघून गेले.

सुताराला काही त्यांनी बोलावलं नाही.